आप्पांच्या बांधावरचा लिंब

लग्नाकार्यात कुणाशी ओळख करून द्यायची वेळ आली की माझा पुतण्या सांगतो, "आमचे काका झाडं लावायचे." मी दर वेळी त्याला दुरुस्त करतो आणि दर वेळी समोरचा माणूस जेवणाच्या पंगतीकडं बघायला लागतो. तरी करतो, स्वभावाला औषध नाही. झाडं लावणारे पुष्कळ असतात. हातात फावडं घेतलेले त्यांचे फोटो पेपरात येतात. फोटो काढून मंडळी जीपमध्ये बसून गेली की त्या झाडाचं पुढं काय होतं आणि त्याच्या शेजारच्या पिकाचं काय होतं, ते वर्षानुवर्षं बघत बसणं हे माझं काम होतं. त्याला वनशेतीचं संशोधन म्हणतात.

आमची कोरेगावात लाकडाची वखार होती. लहानपणी मी झाड बघितलं ते आडवंच. वडील ओंडक्यावर टिचकी मारून आत पोकळ आहे का ते सांगायचे आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. उभ्या झाडाशी माझा संबंध आला तो नोकरीत. वडिलांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. "उभं झाड मोजून काय मिळतं रे तुला?" असं ते विचारायचे, आणि पगार सांगितला की गप्प व्हायचे.

बाहेरच्या माणसाला हे काम थोडक्यात सांगायचं तर असं. दोन-चार एकरांचा कोरडवाहू शेतकरी. बांधावर झाड असेल तर त्याला जळण मिळतं, शेरडांना पाला मिळतो, दुपारी सावली मिळते, कधी घराला वासा मिळतो. पण तेच झाड पिकाचं ऊन अडवतं, ओल ओढतं. मग झाड ठेवावं की काढावं? अंदाजानं सांगणारे गावोगाव भेटतात. नक्की सांगायचं तर शेतकऱ्यांच्याच बांधावर झाडांच्या ओळी लावायच्या, झाडाजवळचं पीक वेगळं आणि लांबचं वेगळं कापून तोलायचं आणि हे बरीच वर्षं करायचं. शेवटी ओळीतली काही झाडं तोडायची, खोड, फांद्या, पाला सगळं तोलायचं, आणि मुळ्या उकरून त्या कुठवर गेल्यात ते बघायचं. काही झाडं तोडल्याशिवाय बाकीच्यांबद्दल खरं बोलता येत नाही. हे शेवटचं सांगितलं की लोक माझ्याकडं खाटकाकडं बघावं तसं बघतात. आडनाव मुलाणी असल्यामुळं त्यांना ते जरा सोपंही जातं.

माणसं फार तऱ्हेची भेटली. माण तालुक्यात एक गृहस्थ होते. त्यांच्या रानात आमचा प्रयोग पूर्ण कोरडवाहू होता, म्हणजे पावसाशिवाय एक थेंब पाणी घालायचं नाही. पण रस्त्यावर आमची जीप दिसली की हे पठ्ठे घागर घेऊन झाडांकडं पळायचे. पकडल्यावर म्हणाले, "आवं साहेब, पावनं येनार आन झाडं सुकल्याली, बरं दिसतंय का ते?" मी चिडलो, ओरडलो. त्यांनी मला चहा पाजला आणि पुढच्या वेळी पुन्हा पाणी घातलं. आमच्या भागात प्रयोग हा प्रयोग राहत नाही, तो घरचा पाहुणा होतो. हे मला उशिरा कळलं, पण पूर्ण कळलं ते आप्पांच्या रानात.

विटा ओलांडून माणच्या बाजूला निघालं की मधे एक उजाड पट्टा लागतो. तिथल्या एका गावात, देवळाच्या मंडपात, मी वनशेतीवर भाषण देत होतो. लोक माना हलवत होते. माना हलायला लागल्या की समजावं, कुणी ऐकत नाही. एक माणूस तेवढा जमिनीकडं बघत बसला होता. भाषण संपल्यावर त्यानं डोकं वर केलं.

"ते समदं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "लिंब माझ्या शाळवाचं पानी पितंय का न्हाई, तेवडं सांगा."

लिंब म्हणजे कडुनिंब, आणि शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. त्या पट्ट्यात पोटाला आधार असतो तो शाळवाचाच.

"माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

मंडपात लोक हसले. तो हसला नाही. "मग माझ्या बांधाला लावा आन बगा."

"उत्तर मिळायला बरीच वर्षं लागतील. आणि शेवटी काही झाडं तोडावी लागतील, हे आत्ताच सांगतो."

"लागू द्यात. मी काय पळून चाललोय व्हय? आन तोडायची तवा तोडा. शब्द दिला, झालं."

हे आप्पा. त्यांच्या बांधावर आम्ही लिंबाची ओळ लावली. माझ्या साऱ्या नोकरीत माझ्यासमोर इतका सरळ प्रश्न दुसऱ्या कुणी ठेवला नाही. मोठ्या परिषदांमध्येही नाही.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आप्पा गेले. दुपारी रानातून आले, ओट्यावर बसले, पाणी मागितलं आणि तांब्या येईपर्यंत संपले. मला कळलं तेव्हा दिवसकार्य होऊन गेलं होतं. मी भेटायला गेलो. त्यांची बायको सोनाबाई, मी तिला मावशी म्हणायचो, उंबऱ्याशी बसली होती.  तिनंच विषय काढला.

"ओळीतलं एक रोप मेलं हुतं साहेब. त्या जाग्याला लावलंय दुसरं. तुमच्याच पिशवीतलं हाय."

मेलेल्या रोपाच्या जागी आम्ही देऊन ठेवलेल्यातलं रोप लावणं हे शेतकऱ्याचंच काम असायचं. घरात एवढं दुःख असताना बाईनं ते केलं याचं मला कौतुक वाटलं. मी तसं म्हणालोही. 

त्यानंतर वर्षानुवर्षं मी त्या रानात जात राहिलो. मुलगा विलास लांब दक्षिणेत एका शहरात गलाईच्या दुकानात. विट्याकडच्या मुलांचा हा धंदाच. सराफांकडचं जुनं सोनं, मोडीतले दागिने, धुळीतली कणी आणायची, आटवायची आणि शुद्ध करून द्यायची. देशात कुठल्याही शहराच्या सराफ कट्ट्यात जा, आमच्याकडची बोली ऐकू येते. इकडं सोनाबाई एकटी. पेरणीला माणूस लावायची, बाकी सगळं स्वतः. पहिली दोन-तीन वर्षं झाडं जगवायला इथं उन्हाळ्यात थोडं पाणी घालायची आमची परवानगी होती. ते पाणी ती डोक्यावरून वाहायची. इतरांच्या बांधावरच्या ओळी पोकळ झाल्या. काही झाडं शेरडांनी खाल्ली, काही माणसांनी. आप्पांच्या बांधावरची ओळ भरलेली राहिली. पाहुणे आले की मी त्यांना तीच ओळ दाखवायला न्यायचो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मग तोडायचं वर्ष आलं. शाळू काढून झाला होता, रान मोकळं होतं, लिंबांना नवी पालवी आणि मोहोर आलेला होता. चैत्रातली यात्रा असल्यामुळं विलासही गावी आला होता. कुठली झाडं तोडायची हे आम्ही ठरवत नाही. आम्ही ठरवलं तर नकळत चांगली झाडं वाचवू किंवा चांगलीच निवडू, आणि मग उत्तर खोटं येईल. म्हणून झाडांना नंबर द्यायचे, नंबरांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि कुणाला तरी उचलायला लावायच्या. मालकीण म्हणून मी डबा सोनाबाईपुढं धरला. तिनं हात घालून एकेक चिठ्ठी काढून दिली. तिला वाचता येत नव्हतं. मी नंबर वाचत झाडापर्यंत चालत जायचो आणि खोडाला चुन्याची खूण करायचो. ती मागून येत होती.

एका झाडापाशी मी थांबलो आणि चुन्याचा हात वर केला, तेव्हा विलास मधे आला. त्यानं माझं मनगट धरलं.

"ह्ये न्हाई साहेब. ह्ये झाड सोडा."

"का?"

"ह्यात आप्पा हायत."

मला समजलं नाही. मग त्यानं सांगितलं. आता आमच्या भागात पुष्कळ लोक राख नदीत सोडत नाहीत. त्या पट्ट्यात नदीला पाणी असतं तरी कुठं? लोक आपल्याच रानात खड्डा काढतात, त्यात राख आणि अस्थी ठेवतात आणि वर झाड लावतात. आप्पांसाठी जागा शोधताना सोनाबाईनं ओळीतल्या मेलेल्या रोपाची जागा दाखवली होती. विलासनं पुरुषभर खड्डा काढला, तळाला राख ठेवली, तळ्यातला गाळ आणून भरला आणि वर आमच्या पिशवीतलं रोप लावलं.

मी सोनाबाईकडं बघितलं. ती पदराचं टोक हातात धरून उभी होती आणि झाडाकडं बघत होती.

मनापासून सांगायचं तर मला हायसं वाटलं. कारण शास्त्रच माझ्या मदतीला आलं होतं. बाकीच्या रोपांना मिळाला होता वीतभर खड्डा आणि मुरूम. ह्याला खोल खड्डा, गाळ आणि राख. राख हे झाडाला खत. ह्या झाडाचं माप बाकीच्यांत मिसळलं असतं तर सगळा हिशोब बिघडला असता. हे झाड नियमानंच बाहेर जात होतं. कुणाचं मन दुखवायला नको, काही नको.

"तोडत नाही मावशी," मी म्हणालो. "हे झाड मोजणीत येतच नाही."

"येत न्हाई म्हंजी?"

मी समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी ह्येंचं झाड धरनार न्हाई."

"धरता येत नाही. चूक कुणाची नाही, पण ते बाकीच्यांसारखं नाही."

"झालं की मग आये," विलास म्हणाला. "चांगलंच झालं. झाड ऱ्हायलं."

ती वळली आणि घराकडं चालायला लागली. आम्हाला चहा द्यायचा म्हणून तिनं येताना किटली आणली होती, ती बांधावर तशीच राहिली. मला वाटलं, बाई हळवी झाली आहे, सुटल्यासारखं वाटत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही करवती, कुऱ्हाडी आणि काटा घेऊन गेलो, तर ती त्या झाडाखाली बसलेली. मला बघून उठली.

"साहेब, पयलं ह्ये तोडा."

विलास मागून धावत आला. रात्रभर दोघांचं हेच चाललं असावं, कारण त्याचा आवाज बसला होता. "आये, याड लागलंय का तुला? बापाला तोडतीस?"

तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. माझ्याशीच बोलत राहिली. "इचारलं कुनी हुतं साहेब? ह्येंनीच न्हवं? रान कुनी दिलं? आन आता समद्या झाडांस्नी इचारनार आन ह्येंच्या झाडाला म्हननार, तू बाजूला हो. मी त्याच जाग्याला का लावलं? म्हनलं, ओळीत ऱ्हातील. उत्तर निगंल तवा तितं असतील. झाड जगावं म्हनून मी पानी घातलं न्हाई. त्येंचा शब्द ऱ्हावा म्हनून घातलं."

"मावशी, मी ते तोडलं तरी बाकीच्यांत मिसळता येणार नाही," मी म्हणालो. "खोटं सांगून तोडणार नाही मी."

"नगा मिसळू. निराळं लिवा. पर लिवा."

विलास खाली बसला. "मला न्हाई बगवनार," तो म्हणाला.

तेव्हा ती त्याच्याकडं वळली. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुज्या दुकानात बाया डोरलं घिऊन येत्यात, मेल्याल्या नवऱ्याचं. तू ते आटवतूस न्हवं? का हात जोडून माघारी देतूस?"

 मला त्या पोराची फार कणव आली. आणि स्वतःचीही. आमच्यात माणसाला माती देतात. कोरेगावच्या कब्रस्तानात माझ्या वडिलांच्या उशाशी एक बोर आलेली आहे, आपोआप उगवलेली. ती मोजायला कुणी कुऱ्हाड घेऊन आलं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार करत मी बांधाच्या टोकापर्यंत जाऊन आलो. नाही म्हणायचा मला अधिकार होता. पण हे झाड माझं नव्हतं, विलासचंही पुरतं नव्हतं. ज्या बाईचं होतं ती समोर उभी राहून सांगत होती की तिला झाड नको, उत्तर पाहिजे. मी परत आलो आणि हो म्हणालो.

माझ्या माणसानं कुऱ्हाड उचलली, तेव्हा विलासनं उठून ती त्याच्या हातातून घेतली. "मी करतो," एवढंच म्हणाला.

सोनाबाईनं कळशीतून पाणी आणलं होतं. बुंध्यात ओतायला ती वाकली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, पाणी नका घालू. ओल वाढली तर वजन चुकेल." बोललो आणि जीभ चावली. पण तिनं मान हलवली आणि कळशी बाजूला ठेवली. नंतर ते पाणी आम्ही सगळे प्यायलो.

झाड पडलं. खोड, फांद्या, पाला, मोहोर वेगळं करून बांबूंच्या घोडीला टांगलेल्या काट्यावर तोललं. मग मुळ्या. हे काम सगळ्यांत सावकाश चालतं. वरची माती खोऱ्यानं काढायची, मग खुरप्यानं, मग बोटांनी आणि ब्रशानं. मुळी तुटू द्यायची नाही, ती जाईल तसं आपण जायचं. विलास आमच्याबरोबर बसून उकरत होता. सोन्याच्या धुळीत काम केलेला हात, त्याच्याकडून एक मुळी तुटली नाही. राख कुठं दिसली नाही. दिसली असती तर काय केलं असतं, कोण जाणे. गाळाच्या काळ्या मातीत ती केव्हाच माती झाली होती.

बाकीची झाडं पुढच्या दिवसांत उकरली. त्यांच्या मुळ्या वरच्या थरातून सरळ शाळवात घुसलेल्या होत्या. खाली कडक मुरूम, तिथं कुठं जाणार बिचाऱ्या? आप्पांची शंका खरी होती. लिंब शाळवाचं पाणी पीत होता. पण आप्पांच्या झाडाच्या मुळ्या त्या खड्ड्यातच दाट जाळं करून बसल्या होत्या आणि तिथूनच खाली उतरल्या होत्या. शाळवाकडं गेलेल्या अगदी थोड्या.

हे सगळं मी सोनाबाईला खड्ड्याच्या कडेला बसून दाखवलं. "बाकीची पितात मावशी. आप्पांचं बरोबर होतं. पण हे झाड फारसं पीत नव्हतं. हे आपल्या जागेवरच राहिलं."

तिनं हात लांब करून एका मुळीवरून बोट फिरवलं. "जित्तेपनी तरी कुटं जात हुतं?" ती म्हणाली. "यात्रंला चला म्हनलं तर येत न्हवतं."

एका झाडावरून काही सिद्ध होत नाही. मी आप्पांचं झाड निराळं लिहिलं, तिनं सांगितलं तसं. खोल खड्डा आणि गाळ दिला तर मुळ्या पिकात घुसणं कमी होतं का, हे बऱ्याच बांधांवर लावून बघायला हवं, असंही लिहिलं. वरच्यांनी छान म्हटलं. मग प्रकल्प संपला, मी निवृत्त झालो आणि ते बघायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. इतक्या साध्या गोष्टीसाठी कुणाला वेळ झाला नाही, याचा मला राग येतो. अजून येतो. गावात दोघा-तिघांनी मात्र आपल्या बांधावर खोल खड्डे काढून लिंब लावलेत. मी सांगितलं म्हणून नाही, सोनाबाईनं सांगितलं म्हणून.

मुळ्या उकरून संपल्या त्या शेवटच्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. काम उरकलं, आमची माणसं सामान बांधायला लागली. बांधात आप्पांच्या झाडाचा एवढा मोठा खड्डा उघडा कशाला, म्हणून विलासनं फावडं घेतलं आणि माती आत लोटायला सुरुवात केली.

"बुजवू नगंस," सोनाबाई म्हणाली.

"अगं जनावर पडंल त्यात."

"काटं टाक वर. माझी राख घालाय परत खनाय लागंल तुला. मुरूम लय कडक हाय, तुला म्हाईत हाय."

घरातली जड कामं नेमून द्यावीत तशा आवाजात ती हे बोलली. विलास फावड्याला धरून उभा राहिला. "आये, गप बस," तो म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

मग ती माझ्याकडं वळली. "साहेब, तुमी सांगा. ह्याला काय कळतंय त्यातलं? तवा कंचं झाड लावायचं वर?"

कुठल्या जमिनीत कुठलं झाड लावावं, हे मी जन्मभर सांगत आलो. मंडपांत, कार्यालयांत, बांधांवर. त्या दिवशी मी आधी खड्ड्याकडं बघितलं, मग ओळीत उरलेल्या झाडांकडं. ती माझ्या तोंडाकडं बघत थांबली होती. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

"लिंबच लावा मावशी," मी म्हणालो. "ओळ लिंबाची आहे."

तिनं मान हलवली आणि लेकाकडं बघितलं. "ऐकलंस न्हवं, साहेब काय म्हनलं ते?"

 विलास खड्ड्यात उतरला आणि मघाशी लोटलेली माती ओंजळीनं वर काढायला लागला.